दगडावर दगडू नाही

"हे आपले नव्हेत," प्राचार्य घैसास म्हणाले.

त्यांनी रुमालानं दगडावरची धूळ पुसली, चष्मा कपाळावर चढवला आणि नाक जवळजवळ दगडाला टेकवलं. काळ्या दगडात खोदलेली इंग्रजी अक्षरं पावसांनी अर्धी बुजवली होती आणि उरलेल्या अर्ध्यांत शेवाळ बसलं होतं.

"मॅलक. कारबॅरी. डुनी. पुन्हा एक मॅलक. टेच. अवाऊ. गुनियाचबा." प्रत्येक नावाला ते पोरांची हजेरी घेतल्यासारखे किंचित थांबत होते. मग माझ्याकडं वळले. "बघा फणसे, मॅलक म्हणजे मलिक. सरळसरळ सरहद्दीकडचा. कारबॅरी बलुची असणार. गुनियाचबा तर मला उझबेकच वाटतो. आणि टेच, अवाऊ..."

इथं त्यांचा इतिहास अडला.

"चिनी?" बिडवई साहेबांनी हात दिला. ते छावणी मंडळाचे अभियंता होते आणि त्यांना लवकर जेवायला जायचं होतं.

"नाकारता येत नाही," घैसास म्हणाले.

हे बोलणं चाललं होतं आमच्या शहरातल्या गोऱ्या कबरस्तानात, पाण्याच्या टाकीमागं. पहिल्या महायुद्धाला शंभर वर्षं झाली तेव्हाची गोष्ट. त्या वर्षी सगळीकडं शताब्दी चालू होती, आणि आमच्याकडं कबरस्तान तयार असताना आपण मागं राहावं हे मंडळाला पटेना. म्हणून स्मारक समिती निघाली. आमच्या शहरात समितीला दोन माणसं पुरतात: एक विद्वान आणि एक लिहिता येणारा. इतिहासाचे निवृत्त प्राचार्य म्हणून विद्वान घैसास झाले. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून उरलेल्या वेळात साप्ताहिकात चेष्टेचं सदर चालवत असे, त्यामुळं मला लिहिता येतं असा गावाचा समज होता. मी सचिव झालो.

कबरस्तान मात्र खरोखर बघण्यासारखं होतं. आत शिरलं की कॅम्पातला गोंगाट दारातच चपला काढून थांबल्यासारखा थांबायचा. दोन्ही बाजूंना बुचाची उंच झाडं, आणि ऑक्टोबरात त्यांची पांढरी लांब देठाची फुलं कबरींवर पडत राहायची, कोणाची कबर कोणाची हे न बघता. बघायचं काम बाकीच्यांनी केलं होतं. पुढं कर्नल-कॅप्टन, संगमरवरात, देवदूतासकट. त्यांच्या मागं सार्जंट, साध्या दगडात. कडेला पटकीनं गेलेली त्यांची लेकरं, हातभर लांबीच्या कबरींत; तिथून जाताना बिडवईसुद्धा आवाज खाली आणायचे. मधोमध मोठा क्रूस, त्यावर लढाईत पडलेल्या साहेबांची नावं, हुद्द्याप्रमाणं. शेजारच्या भिंतीवर देशी शिपायांची नावं, तीही हुद्द्याप्रमाणं. मेल्यावरही मेस वेगळी होती. आणि सगळ्यात शेवटी, टाकीमागं, हा काळा दगड. डोक्यावर एकच ओळ: बसऱ्याच्या मोहिमेत कामी आलेल्या पलटणीच्या फॉलोअर्सच्या स्मरणार्थ.

आता कोणालाही हजारो फॉलोअर असतात. त्या काळी ते फक्त पलटणीला असत. जखमींना डोलीत घालून आणणारे भोई, पाणी पाजणारे, स्वयंपाक करणारे, खेचरं हाकणारे. हातात बंदूक नाही, अंगावर धड गणवेश नाही, पण गोळीला तो फरक कळत नसे.

या फॉलोअरांच्या दगडाची जागा आता शौर्यस्तंभाला हवी होती. शौर्यस्तंभ फायबरचा होता, आतून दिवे लागणारा, आणि त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढायला पायऱ्या होत्या. तो टाकीमागंच का, तर वायरिंग तिथंच होतं. मंडळानं ठराव केला होता: स्थानिक वारसानं दगडावर बोट ठेवून आपल्या माणसाचं नाव दाखवलं, तर दगड जागेवर राहील. नाहीतर मंडळाच्या गोदामात जाईल. गोदामात गेलेली वस्तू परत आल्याचं आमच्याकडं कोणाला आठवत नाही. राणीचा एक पुतळा तिथं आहे म्हणतात, नाकाशिवाय.

क्रेन फाटकाबाहेर येऊन उभी होती. हरकत एकच आली होती. हरकत त्या वेळी दगडासमोर खाली बसून, तांब्यातलं पाणी थोडं थोडं दगडाच्या पायाशी सोडत होती.

हौसाबाई तारू. कॅम्पामागच्या डोलीगल्लीत राहणाऱ्या, ऐंशीच्या घरातल्या, बारीक अंगाच्या, आणि ऐकायला कमी येतं असं सोयीनुसार सांगणाऱ्या. दरवर्षी सर्वपित्रीला त्या इथं येऊन पान ठेवायच्या. यंदाची पत्रावळ वाळून अजून तिथंच होती, मुंग्या भज्याचा शेवट करत होत्या. त्यांच्याबरोबर नातसून आली होती, पल्लवी. ती स्कूटर सावलीत लावायला जागा शोधत होती.

"आजी," घैसास त्यांच्याशेजारी उकिडवे बसले, "तुमच्या आजोबांचं नाव काय म्हणालात?"

"दगडू. दगडू तारू. डोली उचलायचा. गल्लीत म्हायेर-सासर समदी तारूच, समदीच उचलायची."

"दगडावर दगडू नाही हो आजी."

"आसंल की. नीट बगा."

"तीनदा बघितलं."

"मग चवथ्यांदा बगा. शाळंत पोरास्नी तुमी एकदाच सांगत हुता व्हय?"

घैसासांनी चौथ्यांदा बघितलं. पुन्हा मलिक, बलुची, उझबेक. सगळ्यात वर, शेवाळाखालून, एक नाव तेवढं आपल्या बाजूचं निघालं. "खुंडू. हा मात्र आपला खंडू दिसतो. हा त्यांचा मुकादम असावा. बाकी टोळी बाहेरची."

"खंडू आमच्याच गल्लीतला," हौसाबाई म्हणाल्या. "लगीन झालं नव्हतं त्येचं. त्येची आई यडी झाली मागनं."

"एकटा खंडू स्थानिक. त्याचे वारस?"

"लगीन झालं नव्हतं म्हनलं न्हवं?"

बिडवईंनी घड्याळ बघितलं. "आजी, मंडळाला तुमच्या भावना समजतात. पण भावना कोरलेल्या नसतात. नाव पाहिजे."

"भावना न्हाई, नावच सांगतीया मी." हौसाबाईंनी तांब्या खाली ठेवला. "माज्या आजीनं सोता सायबाला सांगितलंय. लढाई संपल्यावर सायेब गल्लीत आला हुता. मुकादम यादीसंगं तिकडंच बुडाला, बाप्ये समदे तिकडंच गेलेले. सांगाया बायाच उरल्या. सायेब खुर्ची टाकून बसला, संगं कारकून. बाया पदर घेऊन वळीनं हुब्या. आजीचं वय ते किती! पर चार मानसांत मान राखून सांगितलं. मरस्तवर म्हनायची, हौसे, पाय कापत हुते, पर मी चुकली न्हाई."

"हो, पण काय सांगितलं?"

"आजाचं सांगितलं. दुसऱ्याचं कशाला सांगंल?"

घैसासांनी माझ्याकडं बघितलं. मी दगडाकडं. ही बाई खोटं बोलत नव्हती हे तिघांनाही दिसत होतं, आणि दगडही खोटं बोलत नव्हता. दोघंही आपापल्या जागी ठाम होते. फक्त दगडासाठी क्रेन आली होती.

"बसऱ्याहून काही आलं नाही? पत्र, तार?" मी विचारलं.

"कोन वाचनार तार? काय आलं न्हाई. म्हनून आजीनं कुक्कू पुसलं न्हाई. गल्लीत कुनीच पुसलं न्हाई. भाईरच्या बाया बोलायच्या आजीला, पांढरी झालीस तरी कुक्कू लावतीस. आजी म्हनायची, कुनी डोळ्यानं बगितलंय? मग एकदा सायबानं ह्यो दगूड लावला. आजीला वाचाय येत नव्हतं, तिनं नुसता हात फिरवला. म्हनली, मी सांगितलेलं हितं कुठंतरी हाय."

"कुठंतरी चालत नाही," बिडवई म्हणाले. तसे ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी हात मागं बांधले होते, आणि नाइलाज झाला की ते हात मागं बांधत. "सुपेकर, आजींचा जबाब घ्या. हरकतदार नाव दाखवू शकल्या नाहीत असं नमूद करा. फणसे सर साक्षीदार म्हणून सही करतील. मग क्रेन आत घेऊ."

सुपेकर हे मंडळाचे हेडक्लार्क. अर्ध्या बाह्यांचा सफारी, खिशाला तीन पेनं, त्यातलं एक चालणारं. ते अठराशे कितीतरी सालात कावीळ होऊन गेलेल्या एका कॅप्टनच्या कबरीवर टेकले, मांडीवर फळी घेतली आणि म्हणाले, "या आजी, सावलीत. पूर्ण नाव सांगा."

"हौसाबाई तारू."

"मधलं?"

"मदलं काय?"

"मिस्टरांचं हो."

हौसाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. इतका वेळ तीन पुरुषांना कोपऱ्यात घेणारी बाई एकदम सोळा वर्षांची झाली.

"मालक," त्या खाली बघून म्हणाल्या.

"ते समजलं. नाव काय मालकांचं?"

"मालकांचं नाव मी घ्यायचं?"

"वारले ना ते?"

"वारलं म्हनून काय झालं? मेलं की मान मरतो व्हय?"

"तसं नव्हे, पण कागदाला लागतं. आधार कार्ड आणलंय?"

"पल्लवीपाशी हाय. ती गाडी लावाय गेलीया."

सुपेकरांनी फाटकाकडं बघितलं. पल्लवी क्रेनवाल्याशी जागेवरून भांडत होती आणि भांडण रंगात आलं होतं.

"आजी, हळूच माझ्या कानात सांगा. कोण ऐकतंय इथं? सगळे मेलेले."

"तू हाईस की जित्ता."

"बरं, उखाण्यात घ्या."

"उखाना मंगळागौरीला घ्यायचा का मसनात?"

बिडवई लांबून ओरडले, "सुपेकर, काय ते लिहा आणि संपवा!"

सुपेकर गेली तीस वर्षं काय ते लिहून संपवत आले होते. त्यांनी लिहिलं. आजींचा अंगठा घेतला. फळी माझ्याकडं दिली. मी पेन काढलं आणि सवयीप्रमाणं वाचून बघितलं.

*जबाब देणार: हौसाबाई मालक तारू.*

मला आधी हसू आलं. पुढच्या आठवड्याचं सदर मिळालं असं वाटलं. घैसासांना दाखवावं म्हणून मी फळी घेऊन दगडापाशी गेलो, आणि त्यांच्या खांद्यावरून दगडावर खुंडूखालची ओळ दिसली. एम, ए, एल, यू, सी, के.

पंजाब इंग्रजीत लिहिताना पी-यू लिहितात आणि आपण पंजाबच म्हणतो.

"घैसास सर," मी म्हणालो, "हे जरा साहेबासारखं नका वाचू."

"म्हणजे?"

"गल्लीतल्यासारखं वाचा."

त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. ओठ हलले. मग माझ्या हातातली फळी त्यांनी बघितली, सुपेकरांचं अक्षर बघितलं, आणि पुन्हा दगड बघितला.

"मालक," ते म्हणाले.

बुचाचं एक फूल गिरक्या घेत सुपेकरांच्या फळीवर पडलं.

घैसासांनी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. "कारबॅरी नव्हे. कारभारी." बोट खाली सरकलं. "धनी." आणखी खाली. "मालक." मग ते अडले आणि मी म्हणालो, "त्येच."

"त्येच," त्यांनी मान हलवली. "त्येच! कारकुनानं विचारलं असणार, अगं नाव सांग. ती म्हणाली असणार, त्येच की. घरातले. त्यानं लिहून घेतलं."

"आणि अवाऊ?" बिडवई कधी जवळ आले ते कळलं नाही. हात मागून सुटले होते.

उत्तर सुपेकरांनी दिलं. ते कॅप्टनच्या कबरीवरून उठून उभे राहिले होते. "अवो, साहेब," ते म्हणाले. "आमची आई म्हणायची आमच्या वडलांना. अवो. कारकून कंटाळला असेल. म्हणाला असेल, बाई, नाव घेऊ नकोस, हाक काय मारतेस तेवढं सांग."

शेवटची ओळ मी वाचली. गुनियाचबा. उझबेकिस्तान दगडावरून भुर्रकन उडून गेलं आणि खाली गन्याचा बा उरला.

मी बऱ्याच स्मारकांपुढं उभा राहिलो आहे. सचिव असलं की राहावं लागतं. अमर, हुतात्मा, धारातीर्थी, हे शब्द ऐकत चुळबुळ करत मी घड्याळ बघितलेलं आहे. त्या दिवशी आम्ही चौघं बाप्ये टाकीमागं एका काळ्या दगडापुढं उभे होतो, आणि हुद्दा नाही, पलटण नाही, क्रमांक नाही. चुलीपुढून, दारातून, आडाच्या काठावरून मारलेल्या हाका तेवढ्या दगडात होत्या. तिकडं क्रुसावर मेजर होते, लेफ्टनंट होते. इथं धनी होते. माझ्या हातावर काटा आला आणि मी बाह्या खाली केल्या.

"आणि खंडू?" बिडवईंनी विचारलं. "तो कसा खंडूच राहिला?"

घैसासांनी हौसाबाईंकडं बघितलं, मग हळू म्हणाले, "त्याचं लग्न झालं नव्हतं ना. त्याचं नाव आईनं सांगितलं. आईला बंदी नव्हती."

हौसाबाई आमच्याकडं संशयानं बघत होत्या. "काय लिवलंय?" त्यांनी विचारलं.

"आजी, इथं मालक लिहिलंय. धनी लिहिलंय. कारभारी लिहिलंय."

"मग?" त्या म्हणाल्या. "दुसरं काय लिवनार? नावं घ्याया बाया काय येड्या हुत्या?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"आजीनं मान राखून सांगितलं, हे किती येळा सांगू? तुमास्नीच वाचाय येत न्हाई."

घैसास मोठ्यानं हसले. हसता हसता त्यांनी टोपी काढली आणि परत घातली नाही.

पण बिडवई हे अभियंता होते. ते ठरावाच्या कागदाकडं वळले. "ठराव असा आहे, की वारसानं बोट ठेवून नाव दाखवावं. इथं दोन मालक आहेत. शिवाय बाकीचे. आजींचा यातला कोणता?"

हे मात्र खरं होतं. फाटकापाशी क्रेनवाल्यानं इंजिन चालू करून बघितलं आणि बंद केलं.

घैसास पुन्हा उकिडवे बसले. या वेळी आवाज प्राचार्यांचा नव्हता. "हौसाबाई, नीट आठवा. तुम्ही मालक म्हणता, ते तुमचं. तुमची आजी आजोबांना काय म्हणायची?"

"आजा तर मी बगितला बी न्हाई."

"पण आजी त्यांच्याबद्दल बोलायची ना? बोलताना काय म्हणायची?"

हौसाबाईंनी डोळे मिटले. पल्लवी भांडण जिंकून आली होती. ती काही विचारणार तोच सुपेकरांनी ओठांवर बोट ठेवलं. म्हातारीचे ओठ हलू लागले. कोणाचं तरी ऐकून ती जुळवून बघत होती.

"आजी दिवा लावायची," त्या म्हणाल्या. "दिवा लावला की दार लावून घ्यायची न्हाई. आमची आई वरडायची, आत्याबाई, मांजर शिरतंय, दार लावा. आजी म्हनायची, ऱ्हाऊ दे गं. ऱ्हाऊ दे उघडं. आमचं..."

त्या थांबल्या.

"आमचं धनी येतील."

घैसासांनी त्यांचा हात धरून त्यांना दगडापर्यंत आणलं. दगडावर धनी एकच होता. त्यांनी ओळ दाखवली. हौसाबाईंनी आधी पदराला हात पुसला आणि मग त्या अक्षरांवर बोट ठेवलं. बोट पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत नेलं आणि शेवटच्यावर तसंच राहू दिलं.

"सुपेकर," घैसास म्हणाले, "लिहा. बोट ठेवून दाखवलं."

"पण ठरावात 'नाव' म्हटलंय," बिडवई म्हणाले. त्यांनाही ते म्हणायचं नव्हतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. पण उद्या मंडळात त्यांनाच विचारणार होते. "उद्या कोणी म्हणेल, धनी हे काही नाव नव्हे."

"बिडवई," घैसास म्हणाले, "तुमची बायको तुम्हाला घरी काय म्हणते?"

"माझी?"

"तुमचीच."

बिडवईंनी पल्लवीकडं चोरून बघितलं. "अहो म्हणते."

"तुम्ही ओ देता?"

"देतो. द्यावीच लागते."

"मग नाव आणखी कशाला म्हणतात?"

बिडवईंनी ठरावाची घडी घातली, खिशात ठेवली आणि फाटकाकडं तोंड करून ओरडले, "ए, क्रेन मागं घे!"

"आणि स्तंभ?" सुपेकरांनी विचारलं.

"वायर वाढवू."

जाता जाता त्यांना सुचलं, की मंडळाच्या खर्चानं दगडाखाली एक पाटी लावता येईल. खरी नावं शोधून. दगडू तारू वगैरे. घैसासांनाही ते आवडलं. एक मजकूर त्यांनी तिथंच मनात जुळवायला घेतला, ते त्यांच्या भुवयांवरून कळत होतं.

"नगं," हौसाबाई म्हणाल्या.

"अहो आजी, तुमच्या आजोबांचं नाव..."

"नाव गल्लीला म्हाईत हाय. त्ये आमी घेऊ." त्यांनी तांब्या उचलला. "हितं आजी बोललीया. तिच्या बोलन्यावर दुसऱ्यानं बोलू नये."

पाटी झाली नाही. शौर्यस्तंभ पन्नास पावलं अलीकडं उभा राहिला आणि पहिल्याच पावसात त्यातले दिवे गेले. घैसास पुढं दोन वर्षांनी गेले. हौसाबाईही आता नाहीत. तो दगड आहे.

त्या वर्षी नोव्हेंबरात शताब्दीचा कार्यक्रम झाला. क्रुसापुढं साहेबांची नावं वाचली, भिंतीपुढं शिपायांची. बिगूल वाजला. मग पाहुणे निघायच्या आधी कर्नल कुरियन, त्या वेळचे आमच्या छावणीचे अधिकारी, टाकीमागं चालत गेले. ते केरळचे. मी त्यांना नावं देवनागरीत लिहून दिली होती आणि अर्थ सांगितला होता. आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला बोलावून उच्चार तीन-चारदा घोटून घेतले होते.

डोलीगल्ली सगळी आली होती. बाया पुढं, पदर घेऊन, ओळीनं. पुरुष मागं, टाकीच्या कट्ट्यावर. हौसाबाईंना खुर्ची दिली होती, पण त्या उभ्या होत्या.

कर्नलनी टाचा जुळवल्या. पद्धत अशी ठरली होती की एक नाव पुकारायचं, हजेरीला थांबतात तसं थांबायचं, आणि ओ आली नाही की पुढचं.

"खंडू."

थांबले. बुचाची फुलं पडत होती.

"मालक."

एका बाईनं पदर तोंडाला लावला.

"कारभारी."

"धनी."

मी हौसाबाईंकडं बघितलं नाही. मला धीर झाला नाही.

"मालक."

"त्येच."

आवाज सरावाचा होता, खणखणीत, परेड मैदानावर लांबच्या माणसालाही ऐकू जावा असा. त्या आवाजात कर्नलनी पुढची हाक मारली.

"अवो!"

आणि थांबले. सगळ्या बाया थांबल्या. झाडंसुद्धा थांबल्यासारखी वाटली.

मागं कट्ट्यावर, गर्दीत, एक म्हातारा बसल्या बसल्या पेंगत होता. तो दचकून जागा झाला.

"ओ," तो म्हणाला. "आलो."

कोणी हसलं नाही. कर्नलनी कागदावरून मान वर केली आणि आवाज आला त्या दिशेला बघितलं. मग त्यांनी सावकाश सलाम केला, हात खाली घेतला, आणि गन्याच्या बाला हाक मारली.